तहाच्या दुसऱ्या दिवशी

ग्लेबने टेबल मांडलं तेव्हाच तैसियाच्या मनात पाल चुकचुकली.

तिच्या वाढदिवसाला टेबल नेहमी तोच मांडायचा, त्यात नवल काही नव्हतं. परराष्ट्र खात्याच्या शिष्टाचार विभागात ज्याचा जन्म गेला, कुठल्या राजदूताला कोणाच्या उजव्या हाताला बसवायचं आणि कोणाला कोणापासून लांब ठेवायचं हेच ज्याचं काम, तो माणूस घरी तरी गप्प कसा बसणार? पुठ्ठ्याची छोटी छोटी कार्डं कापायची, त्यांवर वळणदार अक्षरात नावं लिहायची, ताटांसमोर उभी करायची. मुलं लहान असताना या कार्डांवरून घरात हसून हसून मुरकुंडी वळायची. एकदा किरिलने बापाच्या खुर्चीसमोर मांजराच्या नावाचं कार्ड ठेवलं, तर ग्लेबने अतिशय गंभीर चेहऱ्याने मांजराला मान दिला आणि सगळं जेवण उभ्याने केलं.

आज मात्र तो रात्रभर जागून पहिल्या गाडीने मॉस्कोहून डाचावर, शहराबाहेरच्या उन्हाळी घरी, आला होता. दाढी वाढलेली, कॉलर मळलेली. जरा पड म्हटलं तर नको म्हणाला. चहा दिला तो तसाच निवला. कात्री तेवढी मागून घेतली आणि बसला पुठ्ठा कापत. थोड्या वेळाने तैसिया लोणचं घातलेल्या काकड्यांची बरणी घेऊन व्हरांड्यात आली, टेबलावरून नजर फिरवली आणि जागच्या जागी थांबली.

त्याच्या उजव्या हाताला लेकीचं, रिम्माचं कार्ड होतं. ती जागा सुनेची, हेडीची. किरिल या वर्षी, एकोणचाळीसच्या जूनमध्ये मंगोलियाच्या आघाडीवर गेला त्या दिवसापासून ग्लेब सुनेला शेजारी बसवायचा, तिच्या ताटात स्वतः वाढायचा, आणि रिम्माने 'बाबांना आता लेक दिसत नाही' म्हणून चिडवलं की खूश व्हायचा. आज हेडीचं कार्ड पार टोकाला होतं. चहाच्या समोवारच्या पलीकडे, पायऱ्यांच्या तोंडाशी. ती उठून गेली तर कोणाला खुर्चीसुद्धा सरकवावी लागणार नाही, अशा जागी.

दुसऱ्या कुणा बाईला हे दिसलंही नसतं. पण तैसियाने या माणसाबरोबर बर्लिन काढलं होतं, जिनिव्हा काढलं होतं. कोणत्या देशाचं प्रेम कोणत्या देशावरून उडालं आहे हे ती वर्तमानपत्रं न वाचता, नुसत्या जेवणाच्या बैठकीवरून सांगायची. गेल्याच आठवड्यात त्याने फ्रेंच आणि इंग्रज लष्करी पाहुण्यांना टेबलाच्या मधोमध बसवलं होतं. ते बिचारे अजून मॉस्कोतच होते, बॅगा भरून, कोणी बोलावतंय का याची वाट बघत. आणि काल रात्री त्याच मधल्या खुर्च्यांवर जर्मन बसले.

"काल चुरिलिनशी बोललास?" तिने विचारलं.

म्हातारा चुरिलिन परदेशी लोकांच्या नागरिकत्वाचं काम बघायचा. त्याच्याकडे हेडीसाठी शब्द टाकायचा, तोही तैसियाच्या वाढदिवसाच्या आत, असं ग्लेबने कबूल केलं होतं. वाढदिवसाची तीच भेट तिने मागून घेतली होती. हेडीचा जर्मन पासपोर्ट सप्टेंबरात संपत होता. पासपोर्ट संपला की राहण्याचा परवाना संपणार. परवाना हवा असेल तर जर्मन वकिलातीत जाऊन पासपोर्ट वाढवून आणा, असं तिला कचेरीतल्या बाईने शांतपणे सांगितलं होतं. वकिलातीत! हॅम्बुर्गहून जीव मुठीत धरून पळालेल्या, जिचा भाऊ अजून तिथल्या छावणीत सडतो आहे, अशा कम्युनिस्ट पोरीने तिथे आपल्या पायाने जायचं, आणि तेही सातव्या महिन्यात.

ग्लेबने एक कार्ड उगाच सरळ केलं. "कालचा दिवस होता का तो, तास्या? विमानतळावर जर्मनांच्या स्वागताला होतो, मग सरकारी वाड्यात. जर्मनीशी तहावर सही पहाटे झाली. आज छापून आलंय सगळं."

"मग उद्या बोल."

"थोडा वेळ जाऊ दे. वारं कसं आहे ते बघू."

'थोडा वेळ' हे शब्द तिने आजवर हजारदा ऐकले होते, पण ते देशांच्या बाबतीत. आपल्याच घरच्या पोरीला तो ते लावील असं तिला वाटलं नव्हतं. बरणी टेबलावर जरा आपटूनच ठेवली आणि आत गेली.

दुपारच्या गाडीने रिम्मा आणि आर्सेनी आले. जावई आर्सेनी कारखान्यांतून आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर व्याख्यानं द्यायचा. एरवी दारातून शिरायच्या आधी त्याचं बोलणं शिरायचं, आज तो छत्री मिटल्यासारखा गप्प होता. परवाच त्याने एका कापड गिरणीत फॅसिझमवर दीड तास व्याख्यान झोडलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. उद्या त्याच गिरणीत तहाचे फायदे समजावून सांगायला जायचं होतं. शिवाय त्याची पुस्तिका वाचनालयांतून परत मागवायची अशी तोंडी सूचना आली होती, आणि गोळा कोणी करायची, तर त्यानेच. तैसियाला हसू आलं आणि कीवही आली. तिने त्याला व्होडकाचा छोटा पेला दिला, वर खारवलेल्या मशरूमची बशी दिली आणि सफरचंदाच्या झाडाखाली बसवून टाकलं.

रिम्माला मात्र तिने स्वयंपाकघरात नेलं. मुरांब्यासाठी टोपलीभर सफरचंदं सोलायची होती. मायलेकी समोरासमोर बसल्या. रिम्मा फार भराभर सोलत होती, सालाबरोबर निम्मा गरही जात होता. लहानपणी खोटं बोलून आली की ती अशीच हात कामाला लावायची.

"बाबांच्या उजव्या हाताला बसणार आहेस आज," तैसिया म्हणाली. "काय ठरवलंत दोघांनी?"

रिम्माने आधी कानावर हात ठेवले. मग सुरी खाली ठेवली. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. मंगळवारी ती बापाच्या कचेरीत गेली होती. परदेशी कॉम्रेड लोकांसाठी शहराबाहेर एक वसतिगृह होतं. हेडीने काही दिवस तिथे राहायला जावं, परवाना संपायच्या आत. म्हणजे तो संपेल तेव्हा ती या घरच्या पत्त्यावर नसेल. बाबांनी मान डोलावली. आईला वाढदिवस झाल्यावर सांगायचं ठरलं.

"आणि तिथून तिला नेलं तर?"

"असं का बोलतेस, आई? कोण नेतंय?"

तैसियाने खिडकीकडे नुसतं बघितलं. कुंपणापलीकडे ब्राउदेंचा डाचा होता. ब्राउदे ग्लेबचा सगळ्यात जुना सहकारी. मे महिन्यात खात्याच्या जुन्या प्रमुखांना काढलं, त्या आठवड्यात ब्राउदेने आपल्या अटकेतल्या मेहुण्यासाठी वर शब्द टाकला. मेहुणा सुटला नाहीच, ब्राउदेलाही नेलं. त्याची बायको कुठे आहे कोणाला माहीत नव्हतं. आता त्या डाचात लापशिन नावाचा नवा तरुण विभागप्रमुख राहायचा आणि ब्राउदेंच्या झोपाळ्यावर बसून सकाळचा पेपर वाचायचा.

रिम्मानेही तिकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणूनच म्हणते गं. बाबांनी शब्द टाकला आणि त्यांचंच तसं झालं तर? आर्सेनीचं काय, आमच्या लहानग्या लेल्याचं काय? मी काय हेडीची वैरी आहे का? किरिलने तिला आणलं तेव्हा आपल्याकडे जास्तीचा पलंग नव्हता, महिनाभर माझ्या कुशीत झोपली ती. रात्री भावाच्या नावाने दचकून उठायची, मी थोपटायचे. पण मला भीती वाटते, आई. मला रोज भीती वाटते."

तैसियाला लेकीचा राग आला होता, पण आता तो धरून ठेवता येईना. तिने ओल्या हातानेच तिचं डोकं जवळ घेतलं. भीती तिलाही वाटत होतीच. या घरात कोणाला वाटत नव्हती? मांजराला सोडून.

हेडी आली ती बाहेरून हाका मारतच आली. एका हातात जांभळ्या अ‍ॅस्टरचा गुच्छ, दुसऱ्या हाताने कंबर धरलेली, टाचांवर फुगलेले पाय. स्टेशनपासून चालत आली होती. तैसिया रागावली तर तिने खळखळून हसत तिचे दोन्ही गाल चुंबले, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि पहिलं काय विचारलं, तर कोबी भरून भाजलेला पिरोग झाला का. पोटातला माणूस सकाळपासून पिरोग मागतोय म्हणाली.

मग ती टेबलापाशी गेली. उजव्या हाताच्या खुर्चीजवळ सवयीने थांबली, कार्ड वाचलं. तिथून पुढे एकेक कार्ड वाचत टोकापर्यंत गेली, आपलं नाव सापडल्यावर खुर्ची ओढली आणि बसली. चेहऱ्यावरचं हसू तिने जराही मोडू दिलं नाही. ग्लेब खाली बघून चाकूने पिरोग कापत होता.

जेवण सुरू झालं. आर्सेनीने तैसियाच्या नावाने पेला उचलला, नेहमीपेक्षा आखूड बोलला. किरिलच्या नावाने सगळे न बोलता प्यायले. महिन्याभरात त्याचं पत्र नव्हतं. तिकडे जपान्यांशी मोठी लढाई पेटली आहे एवढंच कळत होतं, तेही पेपरच्या आतल्या पानावर. मग हेडीनेच सांगून टाकलं, की रेडिओवरच्या जर्मन कार्यक्रमाच्या कामातून तिला काल संध्याकाळी मोकळं केलं. बाई फोनवर फार गोड बोलल्या, उद्यापासून तूर्त नुसतं संगीत लावणार आहोत म्हणाल्या. हेडीने बाईंची नक्कल इतकी हुबेहूब केली की रिम्माला डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता हसू फुटलं.

आर्सेनीला राहवेना. त्याने समजावायला सुरुवात केली. फ्रान्स आणि इंग्लंड आपल्याशी मनापासून बोलतच नव्हते, आपल्याला एकट्याला जर्मनीच्या तोंडी द्यायचं होतं त्यांना. पूर्वेला जपान, पश्चिमेला जर्मनी, दोन्हीकडून एकदम पेटलं तर? तहाने वेळ मिळाला. उद्या गिरणीत सांगायचं होतं तेच तो सांगत होता, आणि आपल्याला पटतंय का हे स्वतःच कान देऊन ऐकत होता.

हेडीने शांतपणे घास संपवला. "मला कळतं, आर्सेनी. खरंच कळतं. किरिल तिकडे एका शत्रूशी लढतोय. दुसरा पाठीवर आला नाही तर तो परत येईल. कोणी मला विचारलं असतं, तर त्याच्यासाठी मीसुद्धा सही केली असती." तिने रुमालाला बोटं पुसली. "आणि तुम्ही सगळे माझ्याशी आज इतकं जपून बोलू नका. त्या वसतिगृहाचं मला माहीत आहे. तिथली एक मैत्रीण म्हणाली, तुझ्यासाठी खाट सांगून ठेवली आहे. सामान बांधलंय मी. आईचा वाढदिवस झाला की उद्या जाते."

रिम्माने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तैसियाने आपल्या पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. तीस वर्षांत तिने ग्लेबला चारचौघांत खाली बघायला लावलं नव्हतं. त्याच्या खात्यात काय चालतं त्यावर घरात बोलायचं नाही, हा नियम तिने पाळला होता. पण आता गप्प बसली असती तर तिला स्वतःचंच तोंड बघवलं नसतं.

"ग्लेब, या पोरीच्या हातात आज जर्मनीचा पासपोर्ट का आहे, ते सांग जरा."

"तास्या..."

"छत्तीस साली ती आपल्या देशाचं नागरिकत्व घ्यायला निघाली होती. बाकीचे सगळे घेत होते. तू म्हणालास, घाई नको. फ्रेंच आपल्या बाजूला आहेत, उद्या इंग्रज येतील, वर्षा-दोन वर्षांत तिकडची राजवट कोसळेल. तिच्यासारखी माणसं तिकडे लागतील, तेव्हा पासपोर्ट असू दे, म्हणालास. आम्ही तोंडाचा आ करून ऐकत बसलो होतो. किती छान बोलला होतास."

"मला खरं वाटत होतं ते."

"माहीत आहे मला. म्हणून तर त्या वेळी मलाही पटलं." तिचा आवाज आता मऊ झाला. "तुम्ही लोकांनी देशासाठी वेळ मिळवलात, त्यातलं मला काही कळत नाही. मिळवा. पण तिला बाहेर ठेवून माझ्या घराला वेळ मिळणार असेल, तर तो मला नको."

ग्लेबने हातातला चाकू टेबलावर ठेवला आणि अगदी हळू बोलायला लागला. काल जेवणाच्या वेळी, तो खुर्च्यांमागून फिरत असताना, जर्मनांबरोबर आलेला एक सचिव मागे वळला. बर्लिनच्या दिवसांतली ओळख. त्याने ग्लेबचा हात हातात घेतला, तब्येत विचारली, बायकोची चौकशी केली. आणि म्हणाला, तुमच्या मुलाने हॅम्बुर्गची मुलगी केली म्हणे, आमचीच. कशी आहे ती?

हेडीचा चेहरा पांढरा पडला.

"आपल्या दोन अधिकाऱ्यांचे कान तिकडेच होते," ग्लेब म्हणाला. "मी हसलो. मी त्याला सांगितलं, त्या मुलीचा आमच्याशी आता काही संबंध नाही. आमच्याकडे येत नाही ती. असं म्हणून मी त्याच्या पेल्यात वाइन ओतली." त्याचा आवाज फुटला. "आणि मग घरी येऊन तिचं कार्ड लिहायला घेतलं. कुठे ठेवू तेच कळेना मला. ज्या जागेवर ठेवतो तिथे तो माणूस आठवतो."

तैसियाला वाटलं आपण उगाच याला एवढं टोचलं. रात्रभर हा माणूस हे एकटा उरात घेऊन बसला होता.

हेडी उठली. पोट सांभाळत, खुर्च्यांच्या पाठी धरत टेबलाच्या कडेकडेने त्याच्यापाशी गेली. पिरोगचा एक मोठा तुकडा कापला, त्याच्या ताटात ठेवला.

"कालपासून काही खाल्लं नाहीत तुम्ही, बाबा," ती म्हणाली. "खा आधी. तुम्ही माझ्याबद्दल खरं सांगितलं असतंत तर मी तुमच्यावर रागावले असते. त्या माणसाला काय म्हणून सांगायचं? मला तेवढं एक सांगा, ते सगळं नुसतं त्याच्यासाठीच होतं ना?"

ग्लेब रडला. तोंड दुसरीकडे वळवायचंही त्याला सुचलं नाही. हेडी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि त्याचं रडणं ओसरल्यावर त्याने पिरोग खाल्ला, सगळा, तळहाताने चुरा गोळा करून.

खाऊन झाल्यावर तो नेहमीचा ग्लेब झाला, म्हणजे बारीकसारीक बघायला लागला. चुरिलिन सुटीच्या दिवशीही संध्याकाळी कचेरीत असतो. पाच-सव्वापाचची गाडी मिळाली तर तो निघायच्या आत गाठता येईल. हेडीला बरोबर न्यायला हवं, तिची सही लागेल. पक्षातल्या दोन जणांनी जामीन राहायला हवं. एक तो स्वतः. दुसरा...

दुसऱ्याचं नाव त्याने घेतलं नाही. रिम्मा नवऱ्याकडे बघत होती. मंगळवारी हिनेच बापाला वसतिगृहासाठी राजी केलं होतं, हे तिच्या आत्ताच्या बघण्यावरून कोणाला खरं वाटलं नसतं. आर्सेनीने मान खाजवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझी पुस्तिका तर परत मागवलीच आहे," तो अखेर म्हणाला. "व्याख्यानंही बंद होतील, आज ना उद्या. मग निदान एका तरी गोष्टीवर माझी सही राहू दे. येतो मी."

तैसियाने या जावयाला आजवर मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली होती. ती सगळी तिने त्या क्षणी मागे घेतली, म्हणजे निदान बरीचशी.

मग एकच धांदल उडाली. हेडीचे पाय बुटात जाईनात, तेव्हा रिम्माने आपले जुने सैल बूट आणले आणि जमिनीवर बसून स्वतःच्या हाताने तिच्या पायांत चढवले. बंद बांधताना तिने कपाळ हेडीच्या गुडघ्यावर टेकलं. हेडीने तिच्या केसांतून हात फिरवला आणि ती जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली, जे फक्त त्या एका महिन्याच्या पलंगातलं होतं. तैसियाने गाडीत खायला सफरचंदं बांधून दिली.

निघायच्या आधी सगळे बसले. दूर जाणारं माणूस दारातून बाहेर पडण्यापूर्वी घरच्यांनी क्षणभर गप्प बसायचं, ही तिकडची जुनी रीत. कम्युनिस्ट असले म्हणून काय झालं, ती कोणी मोडत नव्हतं. खरं तर जायचं होतं फक्त मॉस्कोपर्यंत. पण ग्लेब ट्रंकेवर बसला, आर्सेनी उंबऱ्यावर, हेडी आणि रिम्मा एका बाकावर हातात हात घालून. तैसिया समोर उभी होती ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली. चुरिलिन घाबरट होता, तिला माहीत होतं. तो नाही म्हणू शकत होता. हो म्हणून मग कुणाच्या तरी कानाला लागू शकत होता. उद्या या घरावरून लोक जाताना दुसरीकडे बघतील, ब्राउदेंच्या घरावरून बघतात तसे. हे सगळं इथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं आणि तरी ते उठून निघाले.

तैसिया त्यांना सोडायला स्टेशनपर्यंत गेली. मागे राहून वाट बघणं तिच्याच्याने झालं नसतं. उन्हं कलली होती, फलाटावर खात्यातली बरीच डाचावाली मंडळी शहराकडे परतायला जमली होती. ग्लेबने सगळ्यांसमोरून हेडीला हाताला धरून चालवत आणलं, सावकाश, तिच्या पावलाने. दोन-तीन ओळखीच्या टोप्या उचलल्या गेल्या आणि जरा लवकरच खाली आल्या.

एकुलत्या एका बाकावर लापशिन बसला होता, शेजारी आपला पेपर पसरून. पहिल्याच पानावर रात्रीचा फोटो होता. त्याने ग्लेबकडे बघितलं, हेडीकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं.

"काल फार छान व्यवस्था होती, ग्लेब आर्काद्येविच," तो म्हणाला. "सगळे तेच म्हणत होते. आणि या कोण?"

हेडीने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, हे तैसियाला स्पष्ट दिसलं. ग्लेबने तो सोडला नाही.

"माझी मुलगी," ग्लेब म्हणाला. "जरा पेपर उचलता का? तिला उभं राहवत नाही."

लापशिनने पेपर उचलला. घडी घालता घालता म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्हाला एकच मुलगी आहे."

"दोन आहेत," ग्लेब म्हणाला. त्याने हेडीला बाकावर नीट बसवलं आणि शाल तिच्या खांद्यावर सारखी केली. "ही धाकटी."